कल्याण बघायचं तर वैशाखऱ्याला उतरा

गेल्या महिन्यात पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीचा मेसेज आला. "ताई, कल्याणमध्ये एका दिवसात बघून होतील अशी ऐतिहासिक ठिकाणं सांगाल का? प्राचीन बंदरांवर काम करायचं मनात आहे." मी लगेच टाइप करायला घेतलं: उल्हास खाडीवरचा दुर्गाडी किल्ला, काळा तलाव, त्याच्या काठची काळी मशीद, वेळ उरला तर अंबरनाथचं शिवमंदिर. आणि तिथंच थांबले. प्राचीन बंदर म्हणून जे कल्याण तिला हवंय, त्यातलं यात काहीच नाही.

दुर्गाडी घ्या. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यानंतरची ती गोष्ट, खाडीवरच्या आरमाराशी जोडलेली. काळी मशीदही मध्ययुगातली. अंबरनाथच्या देवळातल्या लेखाचं वर्ष शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, ते शिलाहारांचं. सगळं बघण्यासारखं आहे, जरूर बघा. पण ज्या कल्याणचं नाव दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक खलाशांना ठाऊक होतं, त्या कल्याणमधली एकही वास्तू आज शहरात उभी नाही. शहर स्वतःवरच पुन्हा पुन्हा बांधलं गेलं. मग ते कल्याण शोधायचं कुठं?

मी तिला लिहिलं, मुरबाडची एस.टी. पकड आणि वैशाखऱ्याला उतर. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

कल्याणहून माळशेजकडे जाणारा रस्ता मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत वैशाखऱ्याला येतो. तिथून पुढं गाडीरस्ता माळशेजकडे जातो आणि पायवाट डोंगराकडे. समोर नानाचा अंगठा आभाळात उभा असतो, तो दिसला की वाट चुकायची भीती नाही. दोन-अडीच तासांची चढण, शेवटच्या टप्प्यात दगडी पायऱ्या, मग डोंगर कापून काढलेली अरुंद खिंड. खिंडीच्या अलीकडे कातळात कोरलेलं एक लेणं आहे. खिंडीतून वर गेलं की घाटघर, जुन्नर तालुका, पुणे जिल्हा. म्हणजे चढायला सुरुवात ठाणे जिल्ह्यात आणि चहा प्यायचा पुणे जिल्ह्यात! वाट मात्र सरकारी हद्दीहून कितीतरी जुनी आहे. जुन्नरचा माल खाली कोकणात आणि कोकणचा माल वर, तो याच वाटेनं. गाडी इथून जाणं शक्यच नाही. बैलांच्या, गाढवांच्या नाही तर माणसांच्या पाठीवरच ओझी चढली-उतरली असणार. ही साधी गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता माझी फजिती सांगते. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य टाकलं होतं: 'नाणेघाटातील जकातीच्या उत्पन्नावर सातवाहनांनी कल्याण बंदराचा विकास केला.' वाक्य कसं भारदस्त! घाटमाथ्यावर दगडात घडवलेला तो मोठा रांजण तुम्ही फोटोत पाहिला असेल. व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकायचे, म्हणून तो जकातीचा रांजण आणि म्हणून हा नाणेघाट, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. माझं आजोळ टोकावड्याकडचं, त्यामुळे ही गोष्ट मला कुणी शिकवावीही लागली नाही.

माझ्या गाईड मॅडमनी त्या वाक्याखाली रेघ मारली. "हे कुठं लिहिलंय?"

"मॅडम, तिथल्या लेखात."

"लेखात कुठल्या ओळीत?"

मला सांगता येईना. कारण मी लेखावर लिहिलेलं पुष्कळ वाचलं होतं, पण लेख वाचला नव्हता. मॅडम एवढंच म्हणाल्या, "आधी ओळी मोजून ये, मग बोलू."

तर ओळी मोजल्या. लेण्याच्या डाव्या भिंतीवर दहा, उजव्या भिंतीवर दहा. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना नमन. मग एका राणीचं वर्णन, महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीसारखी जगणारी. मग यज्ञांची यादी: अग्न्याधेय, अश्वमेध, गवामयन, आप्तोर्याम, गर्गातिरात्र आणि आणखी कितीतरी. प्रत्येक यज्ञापुढं दक्षिणा. कुठं ११,००० गाई आणि १,००० घोडे, कुठं २४,४०० कार्षापण. गाई, हत्ती, घोडे, गावं, चांदीची भांडी, वस्त्रं... वाचताना एखाद्या मोठ्या लग्नातल्या आहेराची वही उघडल्यासारखं वाटतं. लेख बराच झिजलाय, मध्ये मध्ये मजकूर तुटलाय. पण जे वाचता येतं त्या वीस ओळींत जकात नाही, व्यापारी नाही, बंदर नाही आणि कल्याणही नाही.

'नाणं' हा शब्दसुद्धा नाही! पैशासाठी लेखात शब्द येतो 'काहापण', म्हणजे कार्षापण. घाटाचं नाव नाण्यावरून पडलं असं ज्याला म्हणायचं असेल, त्यानं ते खुशाल म्हणावं. पण पुरावा म्हणून या लेखाकडे बोट दाखवू नये. वैशाखऱ्यात एका आजोबांनी तर मला वेगळीच कथा सांगितली. "कसली नाणी बाय, नाना आन् गुणा दोघं भाव व्हते, त्यांच्या नावाचा घाट." म्हणजे नुसतं लिहिण्यातच गोम आहे. 'नाणेघाट' लिहिलं की तुम्ही रांजणाच्या बाजूचे, 'नानेघाट' लिहिलं की भावांच्या बाजूचे. दोन्ही रूपं छापून आलेली सापडतात. मी 'नाणेघाट' लिहिते, ते निव्वळ सवयीनं.

यावरून आजोबांची किंवा आजोळच्या गोष्टीची किंमत शून्य झाली असं समजू नका. ती गोष्ट आजचे लोक या वाटेकडे कसं बघतात याचा उत्तम पुरावा आहे, फक्त दोन हजार वर्षांपूर्वीच्या महसुलाचा पुरावा नाही. इथं जकात घेतच नसत असंही मी म्हणत नाही. इतकी चालती वाट राजानं मोकळी सोडली असेल का, ही शंका रास्त आहे. पण 'घेत असावेत' आणि 'घेत होते' यांत प्रबंधाच्या दृष्टीनं एक अख्खं प्रकरण बसतं.

लेख वाचायला चुकणारी मी पहिली नाही, हे कळल्यावर जरा बरं वाटलं. कर्नल साइक्सनं या लेखाची नक्कल १८३७ मध्ये छापली ती बौद्ध लेखांचा नमुना म्हणून. बिचाऱ्याचा दोष नव्हता. लेण्यातला लेख म्हणजे बौद्ध, हा त्या वेळचा ठोकताळा. आणि जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मीची किल्ली शोधली ती त्याच सुमारास. अक्षरं लागल्यावर कळलं की लेखात वैदिक यज्ञच यज्ञ आहेत. पुढं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथल्या लेखांवर बारकाईनं काम केलं आणि १८८३ मध्ये बुहलर यांचं वाचन पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम भारताच्या अहवालमालेत आलं. भगवानलाल यांचं काम वाचताना माझ्या मनात कायम येतं, हा माणूस या कड्यांवर त्या काळी कसा पोचला असेल? आम्ही टोकावड्यापर्यंत एस.टी.नं येऊनही वर दमतो.

मागच्या भिंतीवर मूर्ती होत्या. आज मूर्ती नाहीत, पायांच्या खुणा तेवढ्या ओळखू येतात. पण वर कोरलेली नावं वाचली गेली आहेत: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. आपण जिला नागणिका म्हणतो ती ही नायनिका. गंमत अशी की वीस ओळींच्या मोठ्या लेखात राणीचं नाव धडपणे उरलेलं नाही. लेखातली राणी म्हणजे मूर्तीवरच्या नावातली नायनिका, हे अभ्यासकांनी जुळवलेलं आहे. जुळणी पक्की वाटते, मलाही पटते. तरी ती जुळणी आहे, हे लिहिताना दिसलं पाहिजे. काळाचंही तसंच. लेखात वर्ष नाही, अक्षरांच्या वळणावरून काळ ठरवतात. बुहलर यांनी तो इ.स.पू. दुसऱ्या शतकात नेला, नंतरच्या अनेकांनी पहिल्या शतकात आणला. तुमच्या प्रबंधात नुसतं 'सुमारे' लिहून सुटू नका, कुणाचा काळ घेतलात ते सांगा.

गणितवाल्या मित्रांना इथं हमखास न्या. दक्षिणेचे आकडे अंकांत कोरलेले आहेत, आणि भारतातल्या अंकचिन्हांच्या अगदी जुन्या नमुन्यांत ते मोजले जातात. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं, आणि त्यांची बेरीज.

मग कल्याणचं काय? त्यासाठी मी तिथले छोटे लेख बघायला लागले. मोठ्या लेखाच्या नादात सगळे त्यांना विसरतात, मीही विसरले होते. घाटात पाण्याची टाकी खोदलेली आहेत, प्राकृतात त्यांना पोढी म्हणतात. एका पोढीच्या लेखात दात्याचं नाव आहे गोविंददास, आणि तो राहणारा सोपाऱ्याचा. आजच्या नालासोपाऱ्याचा! दुसऱ्या एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राज्याच्या १३व्या वर्षी दामघोष नावाच्या गृहस्थानं केलेल्या दानाची नोंद आहे.

खरं सांगते, गोविंददास सापडला तेव्हा आधी वाईटच वाटलं. मला कल्याण हवं होतं आणि दगड सोपारा म्हणत होता. दोन दिवस मी तो लेख वहीत उतरवलाच नाही, जणू न लिहिल्यानं तो जाणार होता! तिसऱ्या दिवशी उतरवला. कारण जकातीच्या गोष्टीत जे मला हवं होतं ते इथं खरोखरीच होतं, फक्त वेगळ्या रूपात. किनाऱ्यावरच्या बंदरातला एक माणूस शेकडो मीटर उंचीवरच्या खिंडीत पाण्यासाठी पैसे खर्च करतो. का? पुण्यासाठी, हे लेखच सांगतो, ते देयधर्म आहे. पण टाकं इथंच का? या वाटेवर त्याच्या ओळखीची, त्याच्या गावची, त्याच्या धंद्यातली माणसं चढत-उतरत असणार, हा माझा अंदाज. एप्रिलमध्ये एकदा वैशाखऱ्याहून चढून बघा. खिंडीपाशी पोचल्यावर राजाचे अश्वमेध सुचत नाहीत, पाणी सुचतं.

कल्याणचं नाव शेवटी सापडलं ते दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणी कल्याणबाहेर. एक कान्हेरीला. बोरिवलीच्या जंगलातल्या त्या लेण्यांत शंभराहून जास्त लेख आहेत, आणि त्यांतल्या अनेकांत दाते स्वतःला कल्याणचे म्हणवतात. दुसरं ठिकाण म्हणजे 'पेरिप्लस', इ.स.च्या पहिल्या शतकातली, ग्रीकमध्ये लिहिलेली एका अनुभवी व्यापाऱ्याची मार्गदर्शिका. त्यात म्हटलंय की थोरल्या सारागनोसच्या काळी कल्लिएना हे रीतसर बाजारपेठेचं बंदर होतं. पण सांदनेसच्या ताब्यात आल्यापासून तिथं अडवणूक होते, चुकून आलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात बारिगाझाला, म्हणजे भडोचला नेतात. सारागनोस म्हणजे सातकर्णी हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. सांदनेस कोण, यावर मात्र अजून वाद आहे.

याच पुस्तकात आधी एक उतारा आहे, तो माझ्या नजरेतून सुटला होता. पैठण आणि तगर, म्हणजे तेर, इथला माल गाड्यांतून मोठ्या आडरानातून भडोचला जातो, असं तिथं लिहिलंय. गाड्यांतून! आता नाणेघाटाच्या पायऱ्या आठवा. म्हणजे त्या लेखकाच्या वेळी पैठणचा माल, निदान त्याला ठाऊक असलेला, या घाटानं उतरतच नव्हता. कल्याण अडवलेलं असताना तो दूरच्या वाटेनं गाडीत भरून गुजरातेत जात होता. 'सातवाहन काळात नाणेघाटातून कल्याणशी व्यापार चाले' हे वाक्य गाईडबुकात शोभतं. प्रबंधात विचारावं लागतं, सातवाहनांच्या कुठल्या पन्नास वर्षांत? वाट तीच असते, बंदर उघडतं, मिटतं, आणि त्याबरोबर वाटेवरची वर्दळ बदलते.

मुरबाडवर इतकं बोलले, आता शहापूर. आसनगाव स्टेशनवरून माहुली दिसतो. शहाजीराजांनी १६३६ मध्ये निजामशाही वाचवायचा शेवटचा प्रयत्न केला तो इथं. बालराजाला घेऊन ते गडावर होते, मुघल आणि आदिलशाही फौजा खाली. किल्ला द्यावा लागला आणि निजामशाही संपली. जिजाबाई आणि बाल शिवाजी या वेढ्यात गडावर होते असं सांगतात. असतीलही, पण तुम्ही ते लिहिणार असाल तर कुठल्या साधनातून, हे आधी बघा. १६६५ च्या पुरंदरच्या तहात दिलेल्या २३ किल्ल्यांत माहुली आहे. यादी नीट पाहिली तर पळसगड आणि भंडारगडही वेगळे मोजलेले दिसतात, आणि हे तिन्ही एकाच डोंगराचे भाग. तेवीस म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर तेवीस डोंगर येतात, ते तसं नाही. १६७० मध्ये मराठ्यांनी गड परत घेतला. भंडारगडाच्या बाजूला एक दरवाजा आहे, त्याचं नाव कल्याण दरवाजा. शहरात न सापडलेलं शहर पुन्हा एकदा डोंगरावर भेटतं!

सिद्धगडाबद्दल वेगळा लेख लिहीन. मुरबाड तालुक्यातल्या या डोंगरात २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. त्यांच्या आझाद दस्त्यानं विजेचे मोठे मनोरे पाडले होते, मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे. अलीकडच्या इतिहासावर काम करणाऱ्यांसाठी हे ठिकाण सोन्यासारखं आहे, कारण इथली तोंडी साधनं अजून पूर्ण विझलेली नाहीत. उशीर करू नका.

जाणार असाल तर दोन-तीन कामाच्या गोष्टी. पावसाळ्यात जाऊ नका. धबधब्यांसाठी इतकी गर्दी असते की लेण्यात उभं राहायला जागा मिळत नाही, आणि ओल्या पायऱ्यांवरून घसरायची भीती वेगळी. दिवाळीनंतर जा. लेख भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यांवर खडू फिरवणं, पाणी मारणं, बोटानं गिरवणं, यातलं काहीही करू नका. सकाळी किंवा उन्हं कलल्यावर तिरका उजेड पडला की बऱ्याच रेघा आपोआप दिसायला लागतात. नाही तर मोबाईलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरा आणि फोटो काढा. लेखाचं छापील वाचन घरूनच कागदावर उतरवून न्या, वर रेंजचा भरवसा नाही. आणि वहीत पानाचे तीन भाग करा. भिंतीवर काय आहे ते एकात, छापील पुस्तकात काय आहे ते दुसऱ्यात, वाटेत भेटलेल्या माणसानं काय सांगितलं ते तिसऱ्यात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिन्ही एकाच परिच्छेदात लिहून आणलं होतं, ते सोडवायला आठ महिने गेले.

त्या मुलीनं परवा फोटो पाठवला, खिंडीतल्या सावलीत बसलेली, गुडघ्यावर वही. खाली लिहिलं होतं, "ताई, रांजण बघितला. गोविंददासाचं टाकं नक्की कुठलं?" मी तिला लेखाचा क्रमांक पाठवला आणि माझा सिनॉप्सिस उघडला. प्रकरणाचं शीर्षक अजून 'नाणेघाट आणि कल्याण बंदर' असंच होतं. त्यात कल्याणच्या आधी 'सोपारा व' घातलं आणि मॅडमना मेल केला.